उतार

कोपरगावात मे महिन्यात गच्ची मोकळी राहत नाही. सकाळी कुरडया, दुपारी मिरच्या, रात्री अंथरुणं. गाव गोदावरीच्या काठावर असलं तरी पाऊस बेताचाच, कारण हा सगळा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. नदीला पूर येतो तोही बहुतेक वेळा नाशिक-त्र्यंबककडच्या पावसाचा. तिकडे धो धो कोसळतं, धरणांतून पाणी सुटतं आणि इकडे ऊन पडलेलं असताना घाटाच्या पायऱ्या बुडतात. गावावर पडणारा पाऊस मात्र कमीच, म्हणून कोकणासारखी उतरत्या कौलांची घरं इथे फारशी झाली नाहीत. आधी मातीची धाबी होती, मग सिमेंटचे स्लॅब आले. ही गोष्ट अशाच एका स्लॅबची आणि त्याच्याखाली राहणाऱ्या दोन भावांची आहे.

घर गावठाणातलं. वडील साखर कारखान्यात नोकरीला होते. त्यांनी १९८७ च्या उन्हाळ्यात जुनं धाबं उतरवलं आणि त्या जागी चाळीस फूट बाय चोवीस फुटांचा स्लॅब टाकला. स्लॅब पडायच्या दिवशी पहाटे मिक्सर सुरू झाला, घमेल्यांची रांग लागली आणि दिवेलागणीला शेवटचं घमेलं ओतून झालं तेव्हा आईने सगळ्या मजुरांना पंगतीला बसवलं. दुसऱ्या दिवशी वडिलांनी स्लॅबवर मातीची आळी बांधून घेतली आणि त्यात पाणी भरलं. चौदा दिवस ते पाणी आटू द्यायचं नाही, हे काम दोन्ही मुलांवर. थोरला बारा वर्षांचा, धाकटा नऊ. शाळेला सुट्टीच होती. दोघे कळशीने पाणी वर न्यायचे.

त्यानंतर कोबा आला. विटांचे तुकडे सिमेंटच्या मालात उभे बसवायचे, फटी मालाने भरायच्या, वरून गुळगुळीत घोटून चौकड्या मारायच्या. गच्चीचा उतार, म्हणजे गवंडी ज्याला ढाळ म्हणतात तो, ह्या कोब्यातच द्यायचा असतो. वडील स्वतः लेव्हलची नळी धरून उभे राहिले. पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक पश्चिमेच्या भिंतीला, दुसरं पूर्वेच्या. चाळीस फुटांत पाच इंचांचा ढाळ निघेपर्यंत त्यांनी गवंड्याला हलू दिलं नाही. सपाट म्हणतो आपण, पण कुठलीही चांगली गच्ची सपाट नसते. शंभर फुटांना फूटभर उतार डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला दिसतो.

पाणी पूर्वेलाच का न्यायचं, हेही त्यांचं ठरलेलं होतं. अंगणात पूर्वेच्या कोपऱ्यात हौद होता. कोपरगावात नळाला रोज पाणी येत नाही. कधी येईल त्याची वाट बघत हंडे मांडून बसायचं, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. अशा गावात छपराचं पाणी रस्त्यावर सोडून देणं त्यांना पटत नव्हतं. एवढ्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला तर सव्वादोन हजार लिटर पाणी होतं. ते दोन नळ्यांनी हौदात उतरायचं आणि भांड्यांना, धुण्याला, लिंबाच्या झाडाला पुरायचं.

आईला मात्र स्लॅबचं कौतुक कमी आणि आश्चर्य जास्त होतं. तिचा संसार धाब्याखाली सुरू झाला होता. धाबं म्हणजे तुळया, त्यांवर आडवी लाकडं, त्यांवर किलचा, लिंबाचा पाला, मग चिखलाचा थर आणि सगळ्यांत वर गावच्या पांढरीतून आणलेली पांढरी माती. पाणी लागलं की ही माती फुगते आणि आपल्याच फटी आपण बुजवते. पण उन्हाळ्यात ती तडकते, वाऱ्याने उडते, तिच्यात गवत रुजतं. म्हणून दर वर्षी मृगाच्या आधी घरातल्या माणसांनी वर चढायचं, गवत उपटायचं, नवी माती टाकायची आणि चोपायची. ज्या वर्षी घरात आजारपण असायचं त्या वर्षी धाबं हमखास गळायचं. झड लागली की चांगलं केलेलं धाबंही गळायचं, तेव्हा घरभर पातेली मांडलेली असायची. आई म्हणायची, धाबं हे लेकरासारखं आहे, त्याच्याकडे बघावं लागतं. स्लॅब झाल्यावर शेजारणी तिला म्हणाल्या, सुटलीस बाई, आता बघायलाच नको.

तेच झालं. कुणी बघितलं नाही.

मला वाटतं, स्लॅबने आपल्या गावांचं केलेलं हे सगळ्यांत मोठं नुकसान आहे. तो मजबूत असतो, म्हणून घरातला माणूस वर जाऊन हात लावायचा विसरला. धाब्याची दुरुस्ती घरची होती. गच्चीची दुरुस्ती बाहेरच्याची झाली, आणि तीही घरात पाणी टपकल्यावर.

वडील गेले आणि चार वर्षांनी वाटणी झाली. भांडण होऊन नव्हे, रीतसर. घराच्या मधोमध भिंत आली. पश्चिमेचा भाग थोरल्याला, पूर्वेचा धाकट्याला. मधल्या खोलीत देवघर होतं, ती खोली धाकट्याकडे गेली आणि आई तिथेच राहिली. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर दोघांची नावं वेगळी लागली. गच्चीचं काय, हे कागदावर कुणी लिहिलं नाही. वर भिंत नव्हती. उंच भाग थोरल्याचा, सखल भाग धाकट्याचा, नळ्या आणि हौद धाकट्याकडे. थोरल्याच्या मनात तेवढी एक सल राहिली, की माझ्याही डोक्यावरचं पाणी त्याच्या हौदात जातं.

एका मे महिन्यात धाकट्याच्या बायकोने कुरडया घातल्या. तीन दिवस भिजवलेला गहू, वाटून काढलेला चीक, पहाटे उठून घाटलेला, सोऱ्यातून प्लॅस्टिकच्या कागदावर पाडलेल्या दीडशे कुरडया. त्या दिवशी अवचित नळ आला. थोरल्याने मोटर लावली आणि बाहेर गेला. त्याची टाकी भरली, वाहू लागली, आणि ते पाणी ढाळाने सरळ कुरडयांखाली शिरलं. अर्ध्या वाळलेल्या कुरडया फुगून कागदाला चिकटल्या. संध्याकाळी जावाजावांत शब्द झाले. थोरली म्हणाली, पाण्याला काय मी सांगितलं होतं तिकडे जा म्हणून? धाकटी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी धाकट्याने गवंडी आणला आणि खालच्या भिंतीच्या बरोबर वर, गच्चीवर, दोन थरांची विटांची पाळ आडवी घातली. तुझं पाणी तुझ्याकडे, माझं माझ्याकडे.

आता थोरल्याच्या भागाला नळीच उरली नाही. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा पाळीपाशी दोन इंच पाणी उभं राहिलं. दोन इंच म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण गच्चीच्या त्या अर्ध्या भागावर ते नऊशे लिटर पाणी होतं, म्हणजे जवळजवळ एक टन वजन. ते वाळायला चार-चार दिवस लागायचे. थोरला वर गेला नाही, कारण पाळ त्याने घातली नव्हती. धाकटा पलीकडे डोकावला नाही, कारण ती बाजू त्याची नव्हती.

आणि गळू लागलं ते आईच्या खोलीत.

धाकट्याने आपली गच्ची धुतली आणि वरून पांढऱ्या रसायनाचे तीन हात मारून घेतले. करणाऱ्याने दहा वर्षांची हमी लिहून दिली. पुढच्या पावसाळ्यात तिथेच गळलं. मग थोरल्याच्याही छताला ओल दिसली. त्याने डांबरी कागद आणवला, गॅसच्या जाळाने तापवून चिकटवून घेतला, पाळीच्या पायापर्यंत. खाली कोब्यात आधीच मुरलेलं पाणी त्या कागदाखाली कोंडलं आणि उन्हाळ्यात कागदाला पुरीसारखे फुगे आले. दोघांचे मिळून बरेच पैसे गेले, आणि पैसे गेले की माणूस दुसऱ्याचा दोष अधिक खात्रीने सांगतो.

आईने पातेलं मांडलं. धाब्याखाली राहिलेल्या बाईला पातेलं कुठे मांडायचं हे शिकवावं लागत नाही. तिने कुणाकडे तक्रार केली नाही. एकाकडे केली असती तर दुसऱ्याचं नाव निघालं असतं. दर पावसाळ्यात तिची खाट हातभर सरकायची, एवढंच. पाच पावसाळ्यांत ती खिडकीखालून देवघराला लागून आली. फरशीवर खाटेच्या पायांचे जुने चट्टे तसेच दिसत होते, एकापुढे एक.

परतीचा पाऊस होता. आई पहाटे अंघोळीला उठली होती. खोलीत धाडकन आवाज झाला. छताचा परातीएवढा पोपडा सुटून खाली आला होता, थेट खाटेच्या जुन्या जागेवर. वर सळया उघड्या पडल्या होत्या, लाल, खपल्या निघालेल्या. दोन्हीकडून माणसं धावली. पहिल्यांदाच त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंची माणसं एका खोलीत वर बघत उभी होती.

दसऱ्यानंतर मिस्त्री आले. पन्नाशी उलटलेले, पिशवीत हातोडी, थापी, ओळंबा. १९८७ मध्ये ह्याच स्लॅबवर त्यांनी पोरवयात घमेली वाहिली होती. त्यांनी आधी आईला नमस्कार केला, मग हातोडीच्या दांड्याने छत ठोकत खोलीभर फिरले. चांगलं काँक्रीट टणटण वाजतं. जिथे आतून सुटलं आहे तिथे मडक्यासारखा पोकळ आवाज येतो. तेवढ्या भागाला त्यांनी खडूने रेघ मारली.

“सळई गंजली की फुगते, आजी,” ते म्हणाले. “लोखंडापेक्षा गंजाला जागा जास्त लागते. मग ती सिमेंटला ढकलून देते. पाणी थांबल्याशिवाय खालून कितीही लिंपलं तरी टिकायचं नाही.”

थोरला म्हणाला, “मिस्त्री, माझ्या बाजूचा किती खर्च येईल ते वेगळं सांगा.”

“माझंही वेगळं लिहा,” धाकटा म्हणाला.

“आधी दोघं वर चला. आणि एकेक बादली पाणी घ्या बरोबर.”

वर गेल्यावर त्यांनी थोरल्याला पश्चिमेच्या कोपऱ्यात उभं केलं, धाकट्याला पूर्वेच्या. दोन्ही बादल्यांत त्यांनी नीळ कालवली आणि ओता म्हणाले. धाकट्याचं निळं पाणी चार पावलं चालून नळीत गेलं. थोरल्याचं पाणी डांबरी कागदाच्या फुग्यांना वळसे घालत निघालं, वीस फूट आलं आणि पाळीला टेकून थांबलं. मिस्त्री उकिडवे बसले. त्यांनी दोघांना जवळ बोलावलं. पाळीच्या बुडाशी, जिथे कागदाची कड सुटली होती, तिथून बारीक बुडबुडे वर येत होते. एक, मग दोन, मग सुताएवढी माळ.

“हवा वर येतेय म्हणजे पाणी आत चाललंय,” ते म्हणाले. “कागद पाळीवर चढवायला पाहिजे होता, तो बुडाशीच तोडलाय. खालचा कोबा पोकळ झालाय. त्यातून पाणी पाळीखालनं जातं आणि ढाळानं तिकडं उतरतं.”

“पण गळतं तर माझ्याकडे,” धाकटा म्हणाला.

“गळतं तुमच्याकडं, शिरतं ह्यांच्याकडं, आणि अडतं तुमच्या पाळीनं. तुम्ही उतारा वेगळा केला, दादा. पाणी उतारा बघत नाही, उतार बघतं.”

त्यांनी हौदातलं पाणी मोटरने वर घेऊन पाळीपाशी दीड इंच उभं केलं, त्यात आणखी नीळ टाकली आणि खाली जाऊन बसायला सांगितलं. दुपारभर काही झालं नाही. चार वाजता छताची ओल गडद झाली. दिवेलागणीला आईने समई लावली आणि तिचं लक्ष वर गेलं. सळईच्या टोकाला थेंब धरला होता. तो पातेल्यात पडला. तिने दोघांना हाक मारली आणि पातेलं समईपाशी धरलं. तळाशी जमलेल्या पाण्याला निळी झाक होती.

दोघे भाऊ त्या पातेल्यात वाकून बघत राहिले. थोरल्याने विचारलं, “आई, हे किती वर्षं चाललंय?” आई म्हणाली, “पाळ घातली त्या पावसाळ्यापासून.” तिचा आवाज चढला नाही. तिने फरशीवरच्या चट्ट्यांकडे बोटही दाखवलं नाही. पण थोरल्याने ते मोजले असावेत, कारण तो बराच वेळ खाली बघत होता.

मिस्त्रींनी खर्चाचा कागद लिहिला तो एकच. दोन लिहायला त्यांनी साफ नकार दिला. “छप्पर एक आहे,” म्हणाले, “मला अर्ध्याचं काम येत नाही.”

काम बावीस दिवस चाललं. पहिल्या दिवशी पाळ फोडली. डांबरी कागद ओढून काढला, तेव्हा त्याखालून महिन्याभराचं कोंडलेलं पाणी निघालं. पोकळ कोबा पूर्ण उकरला. आईच्या खोलीतलं सुटलेलं काँक्रीट छिन्नीने पाडलं, सळया तारेच्या ब्रशने लख्ख होईपर्यंत घासल्या, जिथे फार झिजल्या होत्या तिथे जोडीला नव्या बांधल्या, गंजरोधक लावला आणि भाग पुन्हा भरून घेतला. वर नवा कोबा घालताना मिस्त्रींनी पाळीच्याच विटांचे तुकडे करायला सांगितले. बाजारातून नव्या विटा कशाला, ह्या चांगल्या भाजलेल्या आहेत. पाळीच्या विटा फुटून ढाळात गेल्या. कठड्याच्या बुडाशी जिथे गच्ची आणि भिंत काटकोनात मिळते, तिथे त्यांनी चारी बाजूंनी गोलसर वाटा मारला, कारण अशा कोपऱ्यातच फट पडते: ऊन-थंडीने दहा मीटर स्लॅब तीन-चार मिलिमीटर लांबतो आणि आखडतो, भिंत त्याच्याबरोबर तेवढी हलत नाही.

लेव्हलची नळी धरायला माणूस कमी होता. मिस्त्रींनी एक टोक थोरल्याच्या हातात दिलं, दुसरं धाकट्याच्या. नळी धरणाऱ्याला बोलावंच लागतं. वर घे, खाली घे, थांब, आता बरोबर. दोघे त्या सकाळी गेल्या पाच वर्षांपेक्षा जास्त शब्द एकमेकांशी बोलले असतील, आणि सगळे एका इंचाच्या आतबाहेरचे.

कोबा झाल्यावर आळी बांधली. ह्या वेळी चौदा दिवस पाणी घालायला नातवंडं होती. शेवटी दोन दिवस नळ्यांची तोंडं बंद करून गच्ची भरून ठेवली. आई दोन्ही रात्री मुद्दाम खाट मधोमध ओढून झोपली. पातेलं मांडलं नाही.

निघताना मिस्त्रींनी हमीचा कागद दिला नाही. म्हणाले, “मी दहा वर्षं लिहून देईन, पण नळीच्या तोंडात लिंबाचा पाला अडकला तर माझा कागद काय करणार? मृगाच्या आधी दोघं वर या. झाडून घ्या, नळी बघा, कुठं चीर दिसली तर तेव्हाच भरा. घंट्याभराचं काम आहे. तुमच्या वडिलांच्या वेळंला धाब्यावर चार दिवस जायचे.”

घरातली भिंत आजही आहे. चुली दोन आहेत, मीटर दोन आहेत, आणि त्यात वाईट काही नाही. हौदाला दुसरी मोटर बसवली, तिची नळी पश्चिमेकडे नेली. टाकी भरली की मोटर आपोआप बंद होईल असा फ्लोट थोरल्याने लावून घेतला. कुरडया आता दोन्ही घरांच्या एकत्र पडतात, कारण पूर्वेकडे सकाळचं ऊन आधी येतं.

यंदा ५ जूनला संध्याकाळी दोघे भाऊ खराटे घेऊन वर होते. थोरल्याने झाडलं, धाकटा गुडघ्यावर बसून नळीत कोपरापर्यंत हात घालत होता. पहिल्या नळीतून निघालं ते असं: दोन ओंजळी लिंबाचा पाला, कबुतराची पिसं, संक्रांतीच्या पतंगाचा गुंतलेला मांजा आणि एक दुधाची पिशवी. दुसरी नळी मोकळी होती. ७ तारखेला रात्री पाऊस आला आणि सकाळी हौद चार बोटं वर चढलेला होता.